डास, कुबट वास आणि रिपेअरवाल्या काकांची यंत्रं : सहा महिने वापरून लिहितेय

आमचं घर तळमजल्यावर, सिंहगड रोडला, नदी चालत सहा-सात मिनिटांवर. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीकडची घरं बुडाली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, आमच्याकडे तेवढं नाही पण पार्किंगमध्ये गुडघाभर आणि घरात वीतभर पाणी आलं होतं. फर्निचर वाळलं, भिंती काही नीट वाळल्या नाहीत, आणि तेव्हापासून कपाट उघडलं की तो कुबट वास. डास तर त्याच्या आधीपासूनच होते. जलपर्णी नदीत, डास आमच्याकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा-केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचे वावटळीसारखे खांब दिसले होते ना, तो व्हिडिओ माझ्या जर्मनीतल्या नणंदेनी मला पाठवला, जसं काही मी वेगळ्या गावात राहते.

तर घरात काय काय होतं ते आधी सांगते म्हणजे माझी पात्रता कळेल. लिक्विडवाल्या तीन मशिनी, दोन बंद पडलेल्या रॅकेट, एक चालू पण फक्त आवाज करणारी रॅकेट, झुरळांचा लाल स्प्रे, मुंग्यांचा खडू, बाथरूममध्ये वासाची वडी, हॉलमध्ये दर वीस मिनिटांनी स्वतःहून फुस्स करणारा डबा (सासूबाई पहिल्या दिवशी दचकून देवाचं नाव घ्यायला लागल्या), कपाटात डांबर गोळ्या, आणि ऑनलाइन सेलमध्ये ४९९ ला दोन घेतलेली अल्ट्रासॉनिक (म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाची) यंत्रं, जी प्लगला लावली की निळा दिवा लागतो आणि डास, झुरळ, उंदीर, पाल, कोळी सगळे घर सोडून जातात असं बॉक्सवर लिहिलेलं. दुसऱ्याच दिवशी त्या निळ्या दिव्याशेजारी भिंतीवर एक डास आरामात बसलेला होता, फोटो काढून ठेवलाय.

सातशे-आठशे रुपये महिन्याला जात होते आणि घराला वास असा की लॅव्हेंडर, फिनेल आणि ओल एकत्र उकळलीय.

काकांचं दुकान रॅकेटमुळे सापडलं. दुकान म्हणजे एक शटर, आठ बाय दहा असेल, बाहेर पाटी "मिक्सर इस्त्री पंखा दुरुस्ती" आणि आत छतापर्यंत खोके. काका पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, रिटायर झाल्यावर हे. रॅकेट उघडून बघितली, म्हणाले बॅटरी गेली, ही छोटी बॅटरी रात्र-रात्र चार्जिंगला लावून ठेवली की मरतेच, साठ रुपये. आणि बॅटरी बदलता बदलता विचारतात, "ताई, डास चावतात कधी? संध्याकाळनंतर का सकाळी पोरं शाळेत जायच्या वेळेला?" मी म्हणलं दोन्ही. "मग दोन वेगळे आहेत ते. एक गटारातला, एक तुमच्याच घरातल्या पाण्यातला." मग विचारलं वास कशाचा येतो, कपाट उघडल्यावर का बाथरूमचं दार उघडल्यावर. म्हणलं दोन्ही. "मग तेही दोन वेगळे."

त्या दिवशी त्यांनी मला साठ रुपयांच्या वर काही विकलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत मी त्यांच्याकडून त्यांनी स्वतः बनवलेल्या सहा वस्तू घेतल्या, त्यातल्या चार अजून चालू आहेत, एक माळ्यावर आहे आणि एक परत केली.

पंख्याची पेटी, ११५० रुपये

हीच बघायला लोक येतात. प्लायची पेटी, समोर सहा इंची एक्झॉस्ट पंखा आत ओढणारा, मागे मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी वेलक्रोनी लावलेली. बस. दिवा नाही, औषध नाही. मी म्हणलं काका ते हॉटेलात असतं तसा जांभळा दिवा लावा ना आत, तर त्यांना राग आला. म्हणाले डास दिव्याला भुलत नाही, तो तुमच्या श्वासाला येतो, अंगाच्या गरमीला येतो, घामाच्या वासाला येतो, त्या जांभळ्या दिव्यात मरतात ते बिचारे पतंग आणि किडे. घरी येऊन शोधलं तर खरंच, अमेरिकेत डेलावेअरला १९९६ च्या एका अभ्यासात असल्या दिव्यांखाली मेलेले १३,७८९ किडे मोजले, त्यात चावणारे फक्त ३१. एकतीस! आणि आपण हॉटेलात तो चट्ट आवाज आला की खूश होतो की गेला एक.

पेटीचा हिशेब साधा आहे. डास उडायला अगदी कच्चा, ताशी दीड-दोन किलोमीटर, म्हणजे आमच्या सासूबाई त्याच्यापेक्षा जोरात चालतात. पंख्याच्या ओढीत आला की त्याला बाहेर पडता येत नाही, पिशवीत जाऊन पडतो आणि वाऱ्यानी वाळून मरतो. पण ठेवायची कुठे यावर सगळं आहे. मी पहिले तीन दिवस टीव्हीखाली ठेवली, सहा-सात डास. मग फोन केला तर म्हणाले टीव्ही बघायला येतात का ते, पलंगाच्या खाली पायाकडे ठेवा, दिवसा पडद्यामागे जमिनीलगत ठेवा, अंधारात गार जागी बसून असतात. पलंगाखाली ठेवली त्या रात्री मोजले, त्रेचाळीस. दुसऱ्या रात्री अडतीस. दोन आठवड्यांनी दहा-बाराच्या आसपास आले आणि तिथेच थांबले, कारण दार उघडलं की नवीन येतातच, नदी काही पेटीत मावत नाही.

मायनस पॉइंट. आवाज. लिफ्टच्या मशीनरूममध्ये झोपल्यासारखं वाटतं पहिल्या आठवड्यात, नंतर सवय होते, आता बंद असली तर झोप येत नाही हा वेगळाच त्रास. आणि पिशवी काढायच्या आधी पंखा बंद करायचा नाही, नाहीतर जे जिवंत आहेत ते तिथूनच परत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवीचं तोंड आधी चिमटीत धरायचं मग बटण. वीज जास्त नाही, ३० वॅट धरा, दहा तासांचे ०.३ युनिट, महिन्याचे नऊ. त्यापेक्षा रिफिल महाग.

काकांनी एक प्रयोग म्हणून सोबत बाटली दिली होती, कोमट पाण्यात साखर आणि बेकरीचं यीस्ट, त्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघतो आणि डासाला वाटतं इथे कोणीतरी श्वास घेतंय. संशोधनवाले खरंच असं वापरतात. पेटीत डास वाढले हे खरं, पण तिसऱ्या दिवशी बेडरूमला आंबलेल्या डोशाच्या पिठाचा वास आणि बाटलीपर्यंत मुंग्यांची रांग. एकाला बोलवायला गेले आणि दुसऱ्याची पंगत बसली. हीच ती परत केलेली वस्तू. काकांनी चाळीस रुपये परत दिले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

काळी बादली, १२० रुपये

माझ्या मते दुकानातली सगळ्यात भारी वस्तू आणि कोणी विचारत नाही कारण दिसायला बादलीच आहे. सकाळी चावणारा जो पट्ट्यापट्ट्यांचा डास, डेंग्यूवाला, एडिस, त्याची मादी अंडी घालायला काळसर भांडं आणि साठलेलं पाणी शोधते. तर आपणच तिला ते द्यायचं. काळी बादली, तीन बोटं कमी पाणी, त्यात मूठभर वाळलेलं गवत टाकून दोन दिवस मुरवलेलं, आणि पाण्याच्या वरच्या थरात जाळी. मादी कडेला अंडी घालते, अळ्या बारीक असताना जाळीतून खाली जातात, मोठ्या होतात, डास झाला की जाळीखालीच अडकतो. म्हणजे तिला वाटतं घर मिळालं आणि पोरांची कोठडी होते. जरा क्रूर आहे पण आमच्या बिल्डिंगमध्ये एका वर्षात चौघांना डेंग्यू झालाय, मला काही दया येत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, आठवड्यातून एकदा बादली ओतून आतून घासलीच पाहिजे. काथ्यानी, खसाखसा. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने जिवंत राहतात, परत पाणी लागलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस, म्हणून आठवडा. महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या ताई येऊन "कोरडा दिवस पाळा" सांगतात ना त्याचं कारण हेच. मी शनिवार ठरवलाय. एकदा लग्नाला सांगलीला गेलो, अकरा दिवसांनी आलो, जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली. पुढचं सांगत नाही. विसराळू माणसानी ही बादली घेऊच नये, काका विकताना तेच विचारतात, "आठवण राहील का? खरं सांगा," आणि माझ्यासमोर एका मुलाला नाही म्हणून परत पाठवलंय त्यांनी. धंदा असा कोण करतं.

आणि बादली ठेवल्यावर बाल्कनीतल्या कुंडीखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे हे सगळं कोरडं केलं नाही तर मादीला बादलीच कशाला हवी. फ्रिजमागे ट्रे असतो हे मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळलं. त्यात अळ्या होत्या.

मोरीची झडप, ९० रुपये

आता बाथरूमचा वास आणि झुरळं. ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मी समजत होते. काका स्वतः घरी आले बघायला, बाथरूमच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले वास गेला का बघा. गेला! मी म्हणलं जादू आहे का. तर जाळीच्या खाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात दीड-दोन इंच पाणी कायम साठून राहायला पाहिजे, ते पाणी म्हणजे बूच, ते गटारातला वास आणि झुरळं दोन्ही अडवतं. आमचं दुसरं बाथरूम फारसं वापरात नाही, पाणी वाळून जायचं, आणि गटाराचं दार उघडं. मी त्या उघड्या दारावर महिन्याला शंभर रुपयांच्या वासाच्या वड्या लटकवत होते आणि झुरळांना आत आल्यावर स्प्रे मारत होते!

हे सांगताना काका अगदी खुलतात कारण पाण्याचं बूच असलेल्या वाकड्या पाइपाचं पेटंट घेणारा माणूस घड्याळजी होता, अलेक्झांडर कमिंग, लंडनमध्ये, १७७५ साली. काकांचे वडील पण घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे. ही गोष्ट तुम्हाला दुकानात तीन वेळा ऐकावी लागेल, तयारी ठेवा.

तर झडप म्हणजे जाळीखाली बसणारं रबराचं फडकं, एका बाजूनी उघडणारं, पाणी खाली जाईल पण खालून वर काही येणार नाही. सिलिकॉनचं असलं बाजारात मिळतं, काकांचं बारीक वजन लावलेलं आहे म्हणून केस अडकले तरी बंद होतं. निम्म्या वेळा होतं, खरं सांगायचं तर. दर पंधरा दिवसांनी काढून केस साफ करा, काढताना नाक धरा. बाथरूमची मोठी तपकिरी झुरळं यांनी बंद झाली, अगदी बंद. किचनची बारीक नाही झाली कारण ती गटारातून येतच नाहीत, ती जर्मन जातीची, भाजीच्या पिशवीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरात येतात आणि मिक्सरच्या मागे संसार मांडतात. त्यांच्यासाठी काकांकडे काही नाही, ते स्पष्ट म्हणतात जेल आणा, ठिपके बिजागरीजवळ लावा आणि त्याच्यावर स्प्रे मारू नका, मग खातच नाहीत. झुरळंही हुशार झालीत, गोड जेलला तोंड न लावणारी झुरळं १९९३ सालीच नोंदवली गेली, ग्लुकोज त्यांना कडू लागायला लागलं. पाहुण्यांना डायबिटीस आहे म्हणून सांगतो तसं. म्हणून एका ब्रँडचं चालेना तर दुसरं आणून बघायचं.

कोळशाची पेटी, ६५० रुपये, आणि माझं भांडण

कपाटाच्या वासाला. छोट्या डब्यात करवंटीचा सक्रिय कोळसा, मागे कॉम्प्युटरमधला पंखा, कपाटाची हवा कोळशातून फिरवून परत कपाटात सोडतो. सुगंध अजिबात नाही. कोळसा वास ओढून धरतो, त्याला इतकी बारीक भोकं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग पाच गुंठ्यांच्या वर भरतो. पाच गुंठे! सिंहगड रोडला एका ग्रॅममध्ये पाच गुंठे, काका म्हणाले बिल्डरला सांगू नका.

पहिला महिना सुंदर. साड्यांचा वास गेला, डांबर गोळ्या काढून टाकल्या, त्या मला तशाही नको होत्या, त्यातलं नॅफ्थलिन लहान बाळांना चांगलं नाही, काही बाळांचं रक्त मोडतं त्यानी, आणि जावेचं बाळ येणार होतं राहायला. मग जून लागला. पाऊस सुरू झाला आणि आठ दिवसांत वास परत. मी तणतणत गेले दुकानात, साडेसहाशे रुपये दिलेत म्हणलं. काका शांतपणे म्हणाले कोळसा वास खातो, ओल खात नाही, भिंत रोज नवीन वास तयार करतीये तर तो बिचारा किती खाणार. मग हे विकताना का नाही सांगितलंत? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं, चष्मा पुसत बसले. हा माझा एक स्टार कमी. माणूस प्रामाणिक आहे पण जे बनवलंय त्याच्या प्रेमात असतो.

उपाय शेवटी दोन झाले. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, हे फुकट. आणि आत कॅल्शियम क्लोराइडच्या त्या लटकवायच्या पिशव्या, ज्यात खाली पाणी साठत जातं, पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी बदलाव्या लागतात. ते पाणी कपड्यावर सांडू देऊ नका, डाग आणि चिकटपणा जात नाही, एक पैठणी वाचली थोडक्यात. आता कोळसा परत काम करतोय. कोळसा दोन महिन्यांनी कडक उन्हात घालायचा, थोडा ताजा होतो, नव्यासारखा नाही होत.

सासूबाईंची तक्रार होती की घराला छान असा वास नको का. त्यांच्यासाठी काकांनी पेटीच्या तोंडाला वाळ्याची ताटी बसवून दिली, पूर्वी कूलरला असायची तशी. मार्च ते मेमध्ये त्यावर पाणी शिंपडलं की, काय सांगू, माझ्या आजोळचं माजघर. पावसाळ्यात तोच वाळा स्वतःच कुबटतो. माळ्यावर गेलेली वस्तू ती हीच, मार्चमध्ये काढीन परत.

कापूर

हे लिहायलाच पाहिजे कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला तो व्हिडिओ येतो, मच्छरच्या मशीनची रिकामी बाटली घ्या, त्यात कापूर आणि टर्पेन्टाइन भरा, प्लगला लावा, डास गायब, खर्च दहा रुपये. मी भरलं होतं. भरलेली बाटली काकांना कौतुकानी दाखवायला नेली. त्या माणसाचा आवाज मी एकदाच चढलेला ऐकलाय. टर्पेन्टाइनच्या वाफा ३५ डिग्रीच्या आसपासच पेट घ्यायच्या लायकीच्या होतात, पुण्यात मे महिन्यात खोलीच तेवढी तापते, आणि तुम्ही ते हीटरवर ठेवून रात्रभर पोरांच्या उशाशी लावणार. बाटली ठेवून घेतली, परत दिली नाही. गंमत म्हणजे बाजारात मिळणारा बराचसा कापूर टर्पेन्टाइनपासूनच कारखान्यात बनवतात, तेव्हा शुद्ध नैसर्गिक वगैरे लिहिलेलं बघून भारावू नका. कापराचा वास छान असतो, आरती करा, डास मात्र त्यानी फारसे हलत नाहीत, आमच्याकडे कापूरदाणीच्या शेजारीच चावलाय मला. आणि वड्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेल्या तर झटके येतात.

कॉइलवर पण त्यांचा राग आहे, पण कॉइल शोधणाऱ्यावर फार प्रेम. जपानच्या उएयामा नावाच्या माणसानी १८९० च्या सुमाराला डासांची उदबत्ती काढली, ती चाळीसेक मिनिटांत संपायची, मग त्याच्या बायकोनी, युकी तिचं नाव, १८९५ मध्ये सुचवलं की वेटोळं करा, सापासारखं, म्हणजे लांबी मावेल आणि रात्रभर जळेल. शोध बायकोचा आणि कंपनी नवऱ्याची, हे माझं वाक्य, काकांचं नाही. एका बंद खोलीत एक कॉइल जाळली की हवेत जितके बारीक कण येतात तितके यायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतील असं २००३ च्या एका अभ्यासात निघालंय. आम्ही लहानपणी गावाला दोन-दोन कॉइल लावून झोपायचो.

अल्ट्रासॉनिकबद्दल मी विचारलं तर ते नुसते हसले आणि एक खोका दाखवला, लोकांनी टाकून दिलेली पन्नासेक असतील, त्यातले प्लग आणि दिवे काढून ते दुसरीकडे वापरतात. २००७ मध्ये दहा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता, असल्या आवाजाच्या यंत्रांनी डास चावायचे कमी होत नाहीत असंच निघालं. माझी दोन्ही त्या खोक्यात टाकून आले, त्याबद्दल रॅकेटचं एक बटण फुकट मिळालं.

चिचुंद्री

मध्ये पंधरा दिवस हॉलमध्ये एक उग्र वास यायचा, मला वाटलं पुन्हा ओल, नवऱ्याला वाटलं मोजे, निघाली चिचुंद्री. काकांकडे चिकट पॅड मागितलं, ठेवत नाहीत म्हणाले, जनावर तडफडत बसतं, आणि प्राणी कल्याण मंडळानी पण त्याविरुद्ध पत्रं काढलीत. पिंजरा भाड्यानी देतात, दिवसाला दहा रुपये. उंदीर असेल तर तीन दिवस पिंजरा नुसता उघडा ठेवायचा, भजी आत, झडप बांधून, कारण उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, फुकट खायची सवय लागली की चौथ्या दिवशी झडप सोडायची. चिचुंद्रीला एवढी अक्कल लागत नाही, सुकट ठेवली, पहिल्याच रात्री आत. ती उंदीर नाहीच मुळी, किडे खाते, झुरळं पण खाते. सासूबाई म्हणाल्या मग ठेवून घ्यायची का. नदीकाठी सोडून आलो.

बाकी दुकानाबद्दल. गुरुवारी बंद. यूपीआय चालतं पण काकांना आवडत नाही. सांगितलेल्या तारखेला वस्तू मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, माझी पंख्याची पेटी आठ दिवस म्हणून बावीस दिवसांनी मिळाली, पार्ट आणायला तपकीर गल्लीत जातात ते तिकडेच गप्पा मारत बसत असावेत. गॅरंटी कागदावर नाही, तोंडी आहे, आतापर्यंत पाळलीय, पंख्याचं बेअरिंग एकदा फुकट बदलून दिलं. एक्स्पोज्ड वायर वगैरे नाही, पण पेटीचा प्लग दोन पिनचा दिला होता, मी तीन पिनचा मागून घेतला, तुम्ही पण मागा. लहान मुलं असतील तर पंख्यासमोरची जाळी बारीक मागा, बोट जाईल अशी मोठी असते. आणि फुस्स करणारा तो डबा किंवा झुरळांचा स्प्रे मारल्यावर लगेच रॅकेट फिरवू नका, त्या डब्यांत गॅस पेट घेणारा असतो आणि रॅकेटमध्ये ठिणगी, हे ते प्रत्येक रॅकेटवाल्याला ऐकवतात.

पाचपैकी चार. महिन्याचा खर्च आता दीडशेच्या आसपास, त्यात एक लिक्विडची रिफिल अजून आहे कारण नवऱ्याचा पेटीवर विश्वास नाही. रिकामा पेंटचा डबा नेलात तर बादलीचे वीस रुपये कमी करतात, काळा रंग ते देतात. आईंच्या खोलीसाठी दुसरी पेटी गणपतीच्या आधी सांगून ठेवलीय, आज फोन केला तर म्हणाले मोटर आलीय ताई, प्लाय यायचंय.